स्टिअरिंगवरचं बोट

आमच्या गुंदाबीनकडच्या रस्त्यांवर समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचं एक बोट वर करायचं असतं. बस, एवढंच. हसायचं नाही, हॉर्न मारायचा नाही, मान डोलवायची नाही. समोरचाही एक बोट वर करतो आणि दोघं आपापल्या वाटेने धूळ उडवत निघून जातात. बोट वर केलं नाही तर लोक धरून चालतात की तुमच्या घरात कुणीतरी गेलंय, नाहीतर तुम्ही सिडनीचे आहात.

आमच्या क्लॅरीची अडचण अशी की त्याचं बोट एकटं उठत नाही. जन्मभर मेंढ्या कातरून त्याच्या उजव्या पंजाची बोटं आखडली आहेत. एक हलवायला गेला की सगळी हलतात आणि त्यांच्यासोबत मनगट, कोपर असा सगळा लवाजमा वर येतो. इतकी वर्षं त्याचं कुणाला काही वाटलं नाही. उलट लोक म्हणायचे, क्लॅरी पॅस्को मोठ्या मनाचा माणूस, बघा कसा भरभरून हात करतो. मी त्याची बायको, नोलीन. मनाचं काय ते मला ठाऊक आहे. तो संधिवात होता.

पण माणूस पंच्याऐंशीचा व्हायला आला की आमच्याकडे सरकार म्हणतं, या, पुन्हा एकदा गाडी चालवून दाखवा.

"पुन्हा?" क्लॅरी म्हणाला. "मी पहिल्यांदा तरी कुठे दाखवली होती?"

तेही खरंच. तो पोरसवदा होता तेव्हा गावच्या फौजदाराने त्याला पबमध्ये गाठून विचारलं होतं, "गाडी येते का रे तुला?" हा म्हणाला, "येते." "मग मला घरी सोड." फौजदार निम्म्या वाटेतच घोरायला लागला आणि दुसऱ्या दिवशी क्लॅरीच्या हातात लायसन्स आलं. त्यानंतर त्याला कुणी काही विचारलं नाही, आणि त्यानेही कुणाला काही विचारलं नाही.

आता लायसन्स गेलं तर काय, हे आम्हाला दोघांनाही पक्कं माहीत होतं. आमचं शेत गावापासून इतकं लांब की दूध संपलं तर आम्ही काळा चहा पितो. बस नाही, शेजार नाही, आणि डॉक्टर गावात, दुकान गावात, चर्च गावात. आमचा मुलगा रसेल समुद्रकाठी राहतो. त्याने आमच्यासाठी एक फ्लॅट बघून ठेवला होता, सहाव्या मजल्यावर.

"आई, लिफ्ट आहे," तो फोनवर म्हणाला. जशी काही मी आयुष्यभर लिफ्टसाठी झुरत होते.

"टिप्पीचं काय?" मी विचारलं. टिप्पी म्हणजे आमची कुत्री.

"तिथे कुत्री चालत नाहीत. पण गालिचा आहे. भिंतीपासून भिंतीपर्यंत." मग त्याचा आवाज मऊ झाला. "बाबांचं लायसन्स गेलं तर ईस्टरला मी ट्रक घेऊन येतो. तुम्ही दोघंच तिथे अडकून पडलात तर मला झोप लागायची नाही."

पोरगा वाईट नाही. पण मला जायचं नव्हतं. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर काहीच दिसत नाही, पार आभाळ टेकेपर्यंत काहीच नाही, आणि ते मला फार आवडतं. सहाव्या मजल्यावरून समोरच्यांची वाळत घातलेली चड्डी बघत मरायची माझी तयारी नव्हती.

तर पहिली परीक्षा जानेवारीत झाली. परीक्षा घ्यायला शहरातून महिन्यातून एकदा टॅलिया ब्रिग्ज नावाची मुलगी येते. इस्त्रीचा शर्ट, डोळ्यांवर मोठा चष्मा, हातात फुल्या मारायचा कागद. तीन फुल्या झाल्या की नापास. क्लॅरीची परीक्षा आहे ही बातमी गावभर झालीच होती, आणि आमचं गाव प्रेमळ. त्याला धीर द्यायला सगळे आपापल्या गाड्या घेऊन मुख्य रस्त्यावर हजर. पाववाला नेव्ह तर पाव वाटून झाले तरी नुसताच येरझाऱ्या घालत होता. प्रत्येकाने बोट वर केलं. क्लॅरीने प्रत्येकाला पंजा, मनगट आणि कोपर दिलं.

पोस्टापर्यंतच त्याच्या तीन फुल्या झाल्या. पुढे टॅलियाने मोजायचं सोडून दिलं.

"मिस्टर पॅस्को, तुमचा हात स्टिअरिंगवर राहतच नाही," गाडीतून उतरताना ती म्हणाली.

"अगं पोरी, पण ते बोट दाखवत होते ना!"

"मग?"

ह्या प्रश्नाला उत्तर लागतं हे क्लॅरीला त्या दिवशी कळलं. मार्चअखेर त्याचा वाढदिवस, तोवर जुनं लायसन्स चालणार होतं आणि नियमाप्रमाणे त्याआधी आणखी एकदाच परीक्षा देता येणार होती. टॅलिया पुढच्या महिन्यात या म्हणाली.

घरी आल्यावर मी कंबर कसली. क्लॅरीला गाडी उत्तम येते, प्रश्न फक्त हाताचा होता. अंगणात गाडी उभी करून मी त्याला आत बसवलं आणि स्वतः समोरून येणारी गाडी झाले. म्हणजे काय, तर केक भाजायची पसरट गोल बशी स्टिअरिंगसारखी धरायची, त्याच्या दिशेने चालत यायचं आणि जवळ आले की बोट वर करायचं. त्याने हात हलवायचा नाही, एवढाच धडा.

मी आले. बोट वर केलं. त्याने हात केला.

"क्लॅरी!"

"मी नाही केला. तो झाला."

"परत."

मी परत आले. तो परत झाला. दुपारपर्यंत मी इतक्या फेऱ्या मारल्या की माझे पाय भरून आले आणि कोंबड्या माझ्यामागून रांगेने चालायला लागल्या. क्लॅरीने कोंबड्यांनाही हात केला.

मग मी उपाय बदलले. ओव्हनमधून ट्रे काढायचे जाड हातमोजे त्याला घातले आणि ते स्टिअरिंगच्या कव्हरला शिवून टाकले. हे फार छान चाललं. हात उठलाच नाही, फक्त कव्हर निघून हातात आलं. मग मी शेजारी लाकडी डाव घेऊन बसायला लागले. बोट हललं की फटका. तो म्हणाला, "नोल, साठ वर्षं मेंढ्यांनी लाथा घातल्या, पण तुझ्याइतकं नेमकं कुणी मारलं नाही." टीव्हीवर बातम्यांत पंतप्रधानांची गाडी आली, ह्याने हात केला. फटका. चर्चमध्ये पाद्रीबाबांनी आशीर्वादाला हात वर केला, ह्यानेही केला. तिथे डाव नव्हता म्हणून मी कोपर मारलं आणि प्रार्थनेच्या शांततेत तो "आई गं" म्हणाला.

पण तीन आठवड्यांत हात बसला. खरंच बसला. गावात जायच्या रस्त्यावर नेव्हची गाडी समोरून आली, नेव्हने बोट वर केलं, आणि क्लॅरी दातांवर दात आवळून सरळ बघत पुढे गेला. मी त्याला शाबासकी दिली. त्याचे डोळे मात्र ओले झाले होते. "नेव्हला काय वाटलं असेल गं?" तो म्हणाला.

नेव्हला काय वाटलं ते संध्याकाळी कळलं. नेव्ह पुढे जाऊन ग्लेनिसला भेटला होता. ग्लेनिस औषधांचं दुकान चालवते आणि तिला जे कळतं ते गावाला कळतं. दिवस मावळायच्या आत आमच्या अंगणात चार गाड्या आणि ओट्यावर मटणाच्या कॅसरोलची, म्हणजे ओव्हनमध्ये शिजवलेल्या रश्श्याची, सहा भांडी. आमच्याकडे कुणी गेलं की गावातले लोक कॅसरोल घेऊन येतात, आणि भांड्याखाली आपल्या नावाची चिकटपट्टी लावतात, कारण दुःख आपल्या जागी आणि भांडं आपल्या जागी.

ग्लेनिस आल्या आल्या माझ्या गळ्यात पडली. "रसेल का गं?"

"काय रसेल?"

"गेला?"

"अगं मेले, रसेल ठणठणीत आहे! कोण म्हणालं?"

"मग क्लॅरीने नेव्हला हात का केला नाही?"

मी सगळ्यांना बसवलं, त्यांचेच कॅसरोल त्यांना वाढले आणि काय ते सांगितलं. परीक्षा, हात, फुल्या, सहावा मजला, गालिचा. नेव्ह म्हणाला, "म्हणजे त्या दिवशी आम्हीच त्याला नापास केलं."

"अगदी तस्सं म्हणायचं नाही मला," मी म्हणाले. मला अगदी तस्संच म्हणायचं होतं.

"मग सोपं आहे," ग्लेनिसचा नवरा बॅरी म्हणाला. "परीक्षेच्या दिवशी आम्ही कुणीच बोट वर करायचं नाही."

सगळ्यांना हे पटलं. दोन दिवसांनी पटेनासं झालं, कारण त्यांनी आपसांत करून बघितलं आणि एकालाही जमलं नाही. समोरून ओळखीची गाडी आली की बोट आपलं वरच. बॅरीने तर हातावर बसून बघितलं, तेव्हा भुवई वर गेली. त्या दिवशी रस्त्यावर यायचंच नाही असंही ठरेना, कारण समोरून गाड्याच नसतील तर टॅलिया परीक्षा घेणार कशी? तिने गेल्या खेपेला बजावलं होतं, रहदारीत चालवलेली बघायची आहे. शेवटी नेव्हने तोडगा काढला. गाडी घेऊन यायचं, क्लॅरी दिसला की वेग अगदी मुंगीचा करायचा आणि खाली वाकायचं. बोट वर गेलं तर गेलं, कुणाला दिसतंय?

मी म्हणाले, नेव्ह, तू शहाणा आहेस. त्या वेळी मला तसंच वाटलं होतं.

दुसऱ्या परीक्षेला मी हट्टाने मागच्या सीटवर बसले. टॅलिया नको म्हणत होती. मी म्हटलं, त्याच्या गोळ्या माझ्याकडे असतात. मग ती म्हणाली, "ठीक आहे, पण तोंडातून एक अवाक्षर काढायचं नाही. काढलंत तर परीक्षा तिथेच थांबेल." पुढे क्लॅरीने दोन्ही हातांनी स्टिअरिंग आवळलं, मागे मी दोन्ही ओठ.

सुरुवातीलाच एक फुली गेली. क्लॅरी गाडी मागे घेतो ती टिप्पीच्या भुंकण्यावर. ती मागच्या काचेशी बसते, अडथळा लांब असला की एकदा भुंकते, जवळ आला की दोनदा. टॅलियाने टिप्पीला खाली उतरवलं. बिचाऱ्या क्लॅरीने मान वळवून, आरशात बघून, पुस्तकात लिहिल्यासारखी गाडी मागे घेतली आणि फुटपाथच्या कडेवर चढवली. मुख्य रस्त्याला लागलो तेव्हा टिप्पी नगरपालिकेच्या पायरीवरून आमच्याकडे अशा नजरेने बघत होती की मला तिची माफी मागावीशी वाटली.

मग नेव्हची गाडी आली.

मला माहीत होतं की आत नेव्ह आहे. पण दिसत होती ती रिकामी काच, आणि स्टिअरिंगच्या मागे कुणीच नाही. गाडी आपली आपण सावकाश येत होती. मध्येच ती आमच्या बाजूला सरकायला लागली, कारण वाकलेल्या नेव्हला रस्ता कुठून दिसणार? क्लॅरीने शांतपणे ब्रेक दाबला, दोन्ही हातांनी गाडी डावीकडे घेतली आणि नेव्हला वाट दिली. काय सुंदर चालवली! टॅलिया पांढरीफटक पडली होती.

"त्या गाडीत... त्या गाडीत ड्रायव्हर नव्हता."

"पावाची गाडी आहे," क्लॅरी म्हणाला. एवढ्याने तिचं समाधान होईल असं त्याला वाटलं असावं.

पाठोपाठ ग्लेनिसची निळी गाडी. ग्लेनिस सीटखाली गेली होती, पण तिच्या शेजारी तिचा म्हातारा स्पॅनियल ताठ बसून समोर बघत होता. गाडी आमच्याजवळून गेली तेव्हा त्याने जबाबदार नजरेने आमच्याकडे पाहिलं.

टॅलियाने चष्मा काढला, पुसला, परत घातला. "ती गाडी कुत्रा चालवत होता?"

"हो, पण सांभाळून चालवतो," क्लॅरी म्हणाला.

मी तोंडात रुमाल कोंबला. हसू दाबून दाबून माझ्या बरगड्या दुखायला लागल्या, आणि एवढ्यात बॅरीचा ट्रॅक्टर आला. उघड्या ट्रॅक्टरवर माणूस लपणार कुठे? बॅरीने डोक्यावर पत्र्याची बादली उपडी घातली होती. बादलीसकट तो सरळ बसला होता, अगदी राजासारखा.

टॅलियाने आता काही विचारलं नाही. ती फक्त एवढंच म्हणाली, "मिस्टर पॅस्को, तुम्ही फार शांतपणे चालवता." आणि मला कळलं की ही पोरगी आता त्याच्या बाजूची झाली आहे, कारण ह्या रस्त्यावर तिला दिसलेला तो एकुलता एक शहाणा ड्रायव्हर होता.

दुसरी फुली मात्र नाकाने आणली. महिनाभर त्या हाताला मी बांधून ठेवलं, त्याचा सूड नाकाने उगवला. धान्याच्या कोठारापाशी क्लॅरीचं नाक खाजलं आणि हात सुटून वर गेला. टॅलियाने सुस्कारा टाकला आणि फुली मारली. एकच शिल्लक राहिली. पण आता गाव संपलं होतं, पूल ओलांडून मागे वळायचं आणि आलो तसं परत जायचं, एवढंच राहिलं होतं. गावातले सगळे लपून झाले होते. मी मनातल्या मनात रसेलला फोनवर काय सांगायचं ते जुळवत होते.

पुलाच्या अलीकडे एक भाड्याची गाडी समोरून आली. पर्यटक घेऊन फिरतात तसली, आत झोपायची सोय असलेली, बाजूला सूर्यफुलं रंगवलेली. एक बाई चालवत होती. साठीची असेल, लाल झालेलं तोंड, कुठल्यातरी दूर देशाची. तिने दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं होतं आणि ती घाबरलेली दिसत होती. बहुधा सकाळपासून तिला वाटेत जो तो बोट दाखवत असावा, आणि हे काय आहे ते तिला नुकतंच उमगलं असावं. कारण आम्ही जवळ आलो तसं तिने एक बोट हळूच वर केलं. अगदी अर्धवट, केलं तर चालेल ना, असं विचारल्यासारखं.

क्लॅरीचा पंजा उठला. मनगट उठलं, कोपर उठलं. पूर्ण, भरभरून. त्या बाईचा चेहरा असा उजळला की काय सांगू.

टॅलियाचं पेन कागदावर टेकलेलं मला मागून दिसत होतं. बराच वेळ तिने ते हलवलं नाही. मग हलवलं. तिचा नाइलाज होता, हे मी आजही म्हणते.

"मला खरंच वाईट वाटतंय," परत आल्यावर ती म्हणाली.

"तू कशाला वाईट वाटून घेतेस, पोरी," क्लॅरी म्हणाला. "तुझं काम तू केलंस." आणि त्याने टोपी काढून तिच्याशी हात मिळवला.

घरी येताना गावाबाहेर पडेपर्यंत मी तोंड आवरलं. मग फुटले. "नेव्हला नाही केलास, ग्लेनिसला नाही केलास, आयुष्यभराचे मित्र बादल्या घालून बसले, आणि त्या सूर्यफुलवालीला केलास! कोण लागते ती तुझी?"

"बाकीच्यांना माहीत होतं गं, नोल," तो म्हणाला. "तिला माहीत नव्हतं. तिला वाटलं असतं, आपलं काहीतरी चुकलं."

मला त्याला तिथेच गाडीतून खाली ढकलावंसं वाटलं, आणि ह्याच माणसाशी मी परत लग्न करीन असंही वाटलं. दोन्ही एकाच वेळी. मी खिडकीतून बाहेर बघत रडले.

मुख्य रस्ता सोडला की आमच्या घरापर्यंत सात फाटकं लागतात. फाटक उघडायचं काम शेजारच्या सीटवरच्याचं. त्यामुळे गेली चोपन्न वर्षं प्रत्येक वेळी गाडीतून सात वेळा उतरणारी आणि सात वेळा चढणारी मीच. त्या दिवशी तिसऱ्या फाटकाशी उतरले, साखळी सोडली, फाटक धरून उभी राहिले. क्लॅरी गाडी आत घेत होता. चाळीस अंशांच्या उन्हात, माशा तोंडावर बसताहेत, आणि मी त्याच्याकडे बघता बघता मला स्वतःचाच संताप आला. मेंढ्यांना चारा घालायचा ट्रक शेतात कोण चालवतं? मी. ट्रॅक्टर? मी. रसेलच्या वेळी दिवस भरत आले होते तेव्हा चिखलात रुतलेली गाडी कुणी काढली? मीच. फक्त मुख्य रस्ता क्लॅरीचा, कारण एका घरात एक लायसन्स पुरे असं सासूबाई म्हणाल्या होत्या आणि सासूबाईंना उलट विचारायची पद्धत नव्हती. सासूबाई जाऊनही आता जमाना झाला.

मी त्याच्या खिडकीशी गेले. "उतर."

"का?"

"पुढचं फाटक तू उघडायचंस."

मग हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरलं आणि तो उतरला.

आता लायसन्स मीच काढणार, ह्याचा मी गावाला पत्ता लागू दिला नाही. सगळे परत बादल्या घेऊन मदतीला आले असते. लेखी परीक्षा मी गुपचूप दिली, आणि गाडीचा सराव शेतातल्या वाटांवरच केला. क्लॅरीने पाण्याच्या टाकीभोवती खुर्च्या मांडून रस्ता तयार केला. शिकवायला बसला की तो फार बोलायचा. "ब्रेक. आरसा. इंडिकेटर. आरसा, नोल, आरसा!" एकदा मी डाव कुठे ठेवलाय असं नुसतं विचारलं, तेव्हापासून गप्प बसायला लागला. गाडी मागे घ्यायला टिप्पी माझ्यासाठी भुंकत नव्हती. तिची निष्ठा एकालाच वाहिलेली होती, त्यामुळे ते मला आपलं आपणच शिकावं लागलं.

मार्चमध्ये टॅलिया आली तेव्हा क्लॅरीच्या लायसन्सचा शेवटचा आठवडा चालू होता. त्याने मला गावात आणून सोडलं आणि टिप्पीला घेऊन तो नगरपालिकेच्या पायरीवर बसला. टॅलियाने माझं नाव वाचलं, मग माझ्याकडे पाहिलं. "मिसेस पॅस्को, आज तुम्ही बोलू शकता," ती म्हणाली.

ह्याचा तिला नंतर पश्चात्ताप झाला असावा. मला गाडीत गप्प बसायची सवय नाही, चालवणाऱ्याला सूचना द्यायची आहे. तेव्हा मी स्वतःलाच सूचना देत गेले. "आता आरसा बघ. बघितला. आता हळू. किती हळू? एवढं पुरे. डावीकडे पोरं आहेत, त्यांचे बाप वेंधळे, तीही वेंधळीच असणार, सांभाळ." टॅलिया खिडकीकडे तोंड करून बसली होती आणि तिचे खांदे हलत होते.

एवढ्यात नेव्हची गाडी आली. त्याला आमची पांढरी गाडी दिसली, टॅलियाचा चष्मा दिसला आणि क्लॅरीला आणखी एक संधी मिळाली असं समजून तो जो खाली गेला तो गेलाच. ग्लेनिसही गेली. बॅरीच्या हाताशी आज बादली नव्हती, त्याने शर्ट डोक्यावरून घेतला. एकानेही कोण चालवतंय ते बघितलं नाही.

"आज कुत्रा नाही का?" टॅलियाने विचारलं.

"त्याला सुट्टी असेल," मी म्हणाले.

फुटपाथच्या कडेला मी गाडी अशी लावली की मधून फक्त वारा जाईल. परत आलो. टॅलियाने कागद माझ्यासमोर धरला. एकसुद्धा फुली नव्हती. मी तिला मिठी मारली, तिचा चष्मा वाकडा झाला. पायरीवरून क्लॅरी उठला, त्याने माझा चेहरा बघितला आणि चारचौघांत ओरडला, "रसेलला सांग, ट्रक नको!"

घरी जाताना स्टिअरिंगवर मी. क्लॅरी शेजारी, मांडीवर केकचा रिकामा डबा घेऊन, कारण कॅसरोलवाल्यांची केकने परतफेड अजून चालू होती. टिप्पी मागे. ऊन उतरलं होतं. पूल ओलांडला आणि समोरून धुळीत एक गाडी दिसली. नेव्ह. शेजारी टॅलिया नाही म्हटल्यावर तो या वेळी वाकला नाही. जवळ आला तेव्हा त्याने आधी क्लॅरीकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्याचं तोंड उघडं पडलं. आणि मग त्याचं बोट वर गेलं.

मी सवयीने क्लॅरीकडे पाहिलं. त्याचे दोन्ही हात केकच्या डब्यावर होते. तो पंजा, जो कोंबड्यांसमोरही आवरला नव्हता, तो शांत पडून होता. आमच्याकडे बोट दाखवायचं ते चालवणाऱ्याला. शेजारी बसलेल्याला कुणी दाखवत नाही आणि शेजारी बसलेला कुणाला दाखवत नाही. चोपन्न वर्षं मी त्या सीटवर डबा धरून बसले आणि मला वाटत होतं, हे सगळे आम्हाला रामराम करताहेत. ते त्याला करत होते. मला आज पहिल्यांदा, ऐंशीला टेकल्यावर, ह्या रस्त्यावर कुणीतरी विचारलं होतं, काय नोलीन, बरी आहेस ना?

बोट वर गेलं. नुसतं बोट कसलं, पंजा, मनगट, कोपर, सगळंच गेलं, आणि मला संधिवातही नाही.

"दोन्ही हात स्टिअरिंगवर, नोल," क्लॅरी म्हणाला.

मला काही ते जमलं नाही, कारण नेव्हच्या मागून ग्लेनिसची गाडी येत होती.